रविवारचा फॉर्म: केमोचे त्रास विचारणारी प्रश्नावली, बावीस रविवार वापरून

मी ब्लाउज शिवते. पुण्यात वडगाव बुद्रुकला राहते, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन आहेत आणि सत्तावीस वर्षं हेच चाललंय. हे आधी सांगून टाकलं, कारण ज्या वस्तूबद्दल लिहायला बसलेय ती मी शिंप्याच्या डोळ्यांनीच बघितलीय. दुसरे डोळे माझ्याकडे नाहीत. वस्तू म्हणजे एक फॉर्म. केमो चालू असताना दर रविवारी सकाळी आठ वाजता मोबाइलवर टिंग करून यायचा आणि गेल्या सात दिवसांत काय काय त्रास झाला ते विचारायचा. वीस प्रश्न. किंमत काही नाही. लोक मिक्सरबद्दल लिहितात, गाद्यांबद्दल लिहितात, मग मी याबद्दल का लिहू नये? बावीस रविवार वापरलाय. शिवाय हा फॉर्म कच्चा असताना मी तो तपासून दिलाय, म्हणजे त्यात माझेही दोन-चार टाके आहेत. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं काही म्हणणार नाही.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आजाराचं थोडक्यात सांगते: छातीत गाठ, ऑपरेशन, मग केमो. आधी लाल औषधाचे चार डोस, दर एकवीस दिवसांनी. नंतर पॅक्लिटॅक्सेलचे बारा, दर आठवड्याला. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याने लघवी लाल होते हे सिस्टरने सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा बघून मी संडासातून ओरडलेच.

दुसऱ्या डोसाला डे-केअरच्या खुर्चीत सलाइन लावून बसले होते, तेव्हा एक मुलगी फाइल घेऊन आली. “काकू, एक प्रश्नावली तपासतोय, तासभर द्याल का?” म्हटलं, तास काय, दुपारपर्यंत इथेच खिळलेय. तिने सही घेतली, पहिला प्रश्न वाचून दाखवला आणि म्हणाली, “यातून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा.” मला वाटलं, मला वाचता-बिचता येतं का ते बघतेय. जरा रागच आला. म्हटलं, बारावी झालेय मी. ती हसली. “काकू, तुम्हाला नाही तपासत, प्रश्नाला तपासतोय. आम्हाला जे विचारायचं होतं तेच तुम्हाला कळलं का, एवढंच बघायचंय.”

तेव्हा लक्षात आलं, ही तर ट्रायल आहे. भारी साडीवरचा ब्लाउज आम्ही एकदम पक्का शिवत नाही. कच्चा टाका घालतो, अंगावर चढवायला लावतो आणि हात वर करा म्हणतो. कागदावर माप कितीही बरोबर असलं तरी मुंढ्यात कुठे ओढतंय ते हात वर केल्याशिवाय कळत नाही. ही मुलगी प्रश्नांना हात वर करायला लावत होती. त्याआधीचीही रीत तिने सांगितली. इंग्रजी प्रश्नाचं दोन जणांकडून वेगवेगळं मराठी करून घेतात, दोन्ही जुळवून एक करतात. मग ते मराठी, मूळ इंग्रजी न बघितलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घेतात आणि मुळाशी पडताळतात. मीही कटिंगचा कागद उलटा करून जुन्या ब्लाउजवर ठेवून बघते, तसंच. एवढं सगळं झाल्यावर तो आमच्यासारख्यांच्या अंगावर चढवायचा.

आणि अंगावर चढवल्यावर जे ओढायला लागलं ते विचारू नका.

माझ्या शेजारच्या खुर्चीत भोरकडच्या एक आजी होत्या. त्यांनाही तेच प्रश्न. एक प्रश्न होता, “हाता-पायांतील बधिरता”. आजींनी फक्त शेवटचा शब्द पकडला आणि म्हणाल्या, “न्हाई बाई, कान चांगलं हायत माझं.” मुलगी गोंधळली, मी हसायला लागले, मग तिला समजावलं की अगं, मूकबधिर शाळेतला बधिर. आम्ही ‘बोटांना कळत नाही’ म्हणतो. तिने लिहून घेतलं. पुढचा “तोंडातील व्रण”. आता व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहतो तो. माझ्या छातीवर आहे तो व्रण. तोंडात होतं त्याला तोंड येणं म्हणतात, हे आईच्या पोटातून शिकून येतो आपण, पण फॉर्म लिहिणाऱ्याला सुचलं नाही. “बद्धकोष्ठता” वाचायलाच आजींना दोनदा श्वास घ्यावा लागला असता, म्हणून मुलीने आपणहूनच “पोट साफ होत नाही का” असं विचारलं आणि मग स्वतःच शब्द खोडला.

थकव्यावर तर वादच झाला. आजी म्हणाल्या, थकवा काम केल्यावर येतो, मी कुठं काम केलं? मला पटलं. केमोचा जो असतो तो थकवा नव्हेच. झोपून उठलं तरी अंगात त्राण नसतं, पाणी प्यायला उठायचं तर भिंतीशी बोलणी करावी लागतात. मी म्हटलं, “गळून गेल्यासारखं वाटतं” असं लिहा. मुलगी म्हणाली, दोन्ही लिहून बघू. भुकेचंही तसंच. “भूक कमी लागली का?” भूक लागते हो. भूक लागते, ताट वाढून घेते आणि पहिला घास तोंडात फिरत राहतो, कारण वरणाला लोखंडाची चव लागते. याला हो म्हणायचं की नाही?

पण सगळ्यात मजा आली ती ‘किती’ या प्रश्नाची. डे-केअरच्या सिस्टर शून्य ते दहाची पट्टी घेऊन फिरतात. ती पद्धत कॅनडातल्या एडमंटन शहरातली, १९९१ सालची. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे याहून वाईट असू शकत नाही. आजींना विचारलं, दुखणं दहापैकी किती? आजी म्हणाल्या, नऊ. सिस्टर पळत डॉक्टरांकडे. डॉक्टर आले तर आजी म्हणतात, “आज लई बरं हाय, म्हनून नऊ दिलं.” दहापैकी नऊ म्हणजे चांगले मार्क, शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही एवढं माहीत असतं. मुलीने मग शब्दांतली पट्टी पुढे केली: अजिबात नाही, सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. सौम्य म्हणजे स्वभावाने ना, असं आजींचं मत पडलं. शेवटी मुलगी म्हणाली, “आजी, तुमच्या हिशेबानं सांगा.” आजींनी विचारसुद्धा केला नाही. “मळमळ बारा आणे. दुखणं चार आणे.”

काहीच नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, रुपया. पाच पायऱ्या. मुलीने पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे बघत राहिली. म्हणाली, मूळ अमेरिकेच्या प्रश्नावलीतही बरोबर पाचच पायऱ्या आहेत, शून्य ते चार.

ही अमेरिकेची प्रश्नावली म्हणजे काय ते भाचीने शोधून वाचून दाखवलं. ती फार्मसीला आहे, सलाइनच्या वेळी माझ्यासोबत तीच बसायची. तिकडच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने ती केलीय, नाव ‘प्रो-सीटीसीएई’. केमोचे दुष्परिणाम मोजायची डॉक्टरांची एक जुनी मोठी यादी आहे, सीटीसीएई. त्यातले जे त्रास रुग्णाला स्वतःलाच कळतात असे ७८ निवडले आणि त्यांचे १२४ प्रश्न केले. सगळे सगळ्यांना विचारायचे नसतात, औषध बघून निवडायचे असतात. २०१५ साली त्याची तपासणी छापून आली, ९७५ रुग्णांवरची. डॉक्टरांच्या यादीत एक ते पाच पायऱ्या, आणि पाचवी पायरी म्हणजे माणूस गेला. रुग्णाच्या यादीत ती नाही. भरायला कोण येणार!

त्यात मला आवडलेली गोष्ट अशी, की प्रत्येक त्रासाला एकाच टेपने मोजत नाहीत. मळमळ असेल तर किती वेळा आणि किती जोरात. केस गेले असतील तर नुसतं किती गेले. हातापायांच्या मुंग्या असतील तर किती आणि त्याने कामात किती अडलं. छातीचं माप वेगळं घेतात, मुंढ्याचं वेगळं. एका ‘साइज’वर भागत असतं तर माझा धंदा कधीच बसला असता. आमच्या रुग्णालयाचा वीस प्रश्नांचा फॉर्म याच वळणावर बेतलेला होता.

तुलनेसाठी सांगते, पहिल्या दिवशी मी एक दुसरा छापील फॉर्मही भरला होता. तो युरोपचा, ईओआरटीसी नावाच्या ब्रसेल्सच्या संस्थेचा, १९९३ पासून चालू असलेला, तीस प्रश्नांचा. तो मराठीत बऱ्याच वर्षांपासून आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या २०० रुग्णांवर तो हिंदी-मराठीतून तपासून २००५ साली त्याचा लेखही आला होता. नावाजलेला फॉर्म आहे, मला काही त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तो वेगळ्या कामाचा आहे. आयुष्य कसं चाललंय ते विचारतो: घरचे, बाहेर जाणं-येणं, पैशांची ओढाताण, सगळं. पहिलाच प्रश्न असा, की जड पिशवी किंवा सूटकेस उचलायला त्रास होतो का. आता माझ्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताने वजन उचलू नका असं डॉक्टरांनीच बजावलंय. म्हणजे मी उचलतच नाही. त्रास होतो लिहू की नाही लिहू? आणि पहिल्या २८ प्रश्नांत मोठा आकडा म्हणजे वाईट, तर शेवटच्या दोन प्रश्नांत एक ते सात, आणि तिथे सात म्हणजे उत्तम. मी सरळ रेषेत दोन काढला आणि माझी तब्येत जवळजवळ रसातळाला नेऊन ठेवली. सिस्टरने विचारलं तेव्हा दुरुस्त केलं.

कागदी फॉर्मचा एक घोळ मात्र कोणी बोलत नाही, तो मला सांगायचाय. लाल औषध एकवीस दिवसांनी. फॉर्म मिळतो तो पुढच्या डोसाला गेल्यावर, म्हणजे एकविसाव्या दिवशी. त्यात विचारणार गेल्या सात दिवसांचं. आता ज्याने ते औषध घेतलंय त्याला विचारा. तिसऱ्या दिवसापासून आठवडाभर तुम्ही माणसात नसता. ओकाऱ्या, तोंड आलेलं, दहाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला. तिसऱ्या आठवड्यात कुठे जरा चहा गोड लागतो. आणि नेमका तोच आठवडा फॉर्म विचारतो! कागदावर मी ठणठणीत. सणासुदीला काढलेला फोटो बघून वर्षभराची तब्येत ठरवावी, तशातला प्रकार. रविवारचा मोबाइलवरचा फॉर्म म्हणूनच मला पटला. तो तिन्ही आठवडे पकडतो. बाकी काही नसतं तरी एवढ्यावर त्याला मी पास केलं असतं.

आता नाव का लिहीत नाही ते.

तिसऱ्या लाल डोसानंतरचा दहावा दिवस, रविवार. पहाटेच अंग मोडून आलं. थर्मामीटर लावला तर १०१. आठ वाजता टिंग झालं, फॉर्म आला. मला खरोखर बरं वाटलं, की चला, वेळेवर विचारलं. “थंडी वाजणे किंवा ताप” या प्रश्नाला “जास्त” दाबलं. कामात किती अडलं, “खूप”. शेवटी बटण दाबल्यावर हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली, “धन्यवाद. तुमची उत्तरे आम्हाला मिळाली आहेत.”

मिळाली आहेत म्हटल्यावर मी काय समजणार? कोणीतरी बघितलं असणार, आता फोन येईल. मोबाइल उशाशी ठेवून पडून राहिले. बाराला यांनी विचारलं, फोन करू का रुग्णालयात? म्हटलं, कळवलंय मी, येईल त्यांचा. दुपारी घाम आला, ताप उतरल्यासारखा वाटला. रात्री परत चढला. सोमवारी सकाळी भाची आली, कपाळाला हात लावला आणि चप्पल न काढता रिक्षा बोलवायला गेली. कॅज्युअल्टीत १०२.६ भरला. पांढऱ्या पेशी ९००. पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक.

तिथल्या डॉक्टर मला ओरडल्या, काल फोन का नाही केलात? केमोच्या रुग्णाला १००.४ ताप म्हणजे लगेच निघायचं, माहीत नाही का? मी म्हटलं, कळवलं होतं की. मोबाइल काढून हिरवी खूण दाखवली. त्यांना फॉर्मबद्दल माहीतच नव्हतं. उत्तरं खरोखर पोचली होती, संगणकात होती, फक्त ती बघणारी सिस्टर सोमवार ते शनिवार येते आणि सकाळी अकराला बसते. फॉर्म मात्र रविवारी धाडायचे, कारण लोक रविवारी घरी असतात!

कोणी वाईट नव्हतं त्यात. ती मुलगी वॉर्डात मला भेटायला आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. पण गिऱ्हाइकाने ब्लाउज टाकला आणि मी पावती फाडून दिली, तर जबाबदारी माझी झाली ना? ती हिरवी खूण पावती होती. मी तिला तेवढंच सांगितलं. आणि सांगितलं, की ताप हा प्रश्न फॉर्ममध्ये ठेवूच नका, किंवा ठेवायचा तर दाबल्याबरोबर ‘फोन करा’ असं मोठ्या अक्षरात येऊ दे.

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली, त्यात अगदी वरती, लाल पट्टीत, रुग्णालयाचा नंबर आणि हे वाक्य आहे: “ताप १००.४ किंवा जास्त असेल तर हा फॉर्म भरत बसू नका. आत्ता फोन करा.” ‘भरत बसू नका’ हे शब्द माझे आहेत. त्यांनी आधी ‘भरू नये’ लिहिलं होतं. धन्यवादच्या जागी आता येतं, “तुमची उत्तरे सोमवारी सकाळी ११ नंतर पाहिली जातील.” खरं बोलायला लागला फॉर्म.

वॉर्डात पडल्या पडल्या भाचीने न्यूयॉर्कचं वाचून दाखवलं होतं. तिथल्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये, कॅन्सर पसरलेल्या ७६६ रुग्णांवर हाच प्रयोग केला होता. निम्म्या-अधिक लोकांनी नेहमीचे बारा त्रास घरून किंवा रुग्णालयातून संगणकावर कळवायचे, बाकीच्यांनी नेहमीसारखं डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायचं. २०१७ मध्ये निकाल आला: कळवणाऱ्यांतले निम्मे ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे २६ महिन्यांहून. “मावशी, पाच महिने! नुसतं विचारून!” भाची म्हणाली. नुसतं विचारून नाही गं बाई, म्हटलं, पुढे वाच. पुढे होतं की त्रास वाढल्याचं कळवलं की सिस्टरला लगेच मेल जायचा. तीच तर गोष्ट. तिकडे सिस्टर होती, इकडे हिरवी खूण होती.

मग एवढं होऊनही फॉर्म का भरत राहिले? बोटांमुळे.

पॅक्लिटॅक्सेलच्या पाचव्या आठवड्यापासून बोटांची टोकं जायला लागली. आधी मुंग्या, मग मुंग्याही नाहीत. मुंग्या येतात तेव्हा निदान काहीतरी येतंय. हे म्हणजे बोटांवर कोणी पातळ प्लास्टिक ओढलंय असं. सहाव्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं, मोतिया रंगाचा रेशमी ब्लाउज, मशीनचं काम भाचीच्या मदतीने उरकलं होतं, हुक तेवढे राहिले होते. हुक लावताना बघावं लागत नाही. डाव्या हाताची तर्जनी खालून आकडा धरते, अंगठा वरून दाबतो, सुई दोन्हींच्या मधून जाते, डोळे टीव्हीकडे असले तरी चालतं. त्या दिवशी तीन हुक लावले आणि चौथ्याला कापडावर लाल ठिपका दिसला. मग दुसरा. सुई अंगठ्यात गेली होती, नखाच्या कडेने आत, आणि मला पत्ताच नव्हता. रक्त बघून कळलं की टोचलं. गार पाणी, मीठ, जे जे येतं ते केलं. डाग पुसट झाला, गेला नाही. शेवटी तिथे एक छोटं भरतकामाचं फूल काढून घेतलं दुसरीकडून. गिऱ्हाईक काही बोललं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “हाताला मुंग्या?” मी म्हटलं, “थोड्या.” ते टाइप करून मोकळे. खोटं नव्हतं ते. दुखत नव्हतं, झोप मोडत नव्हती, थोड्याच होत्या. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर सगळं थोडंच होतं, का कोण जाणे.

रविवारी फॉर्मने मात्र दोनदा विचारलं. बोटांना न कळणं, जास्तीत जास्त किती होतं? आठ आणे, म्हणजे “मध्यम”. आणि त्याने तुमच्या कामात किती अडलं? इथे माझा अंगठा थांबला. मग “खूप” दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ही दोन मापं वेगळी घेतली. सोमवारी पावणेबाराला सिस्टरचा फोन. काय काम करता? शर्टाची बटणं लावता येतात का? पायात चप्पल राहते का? बुधवारी डॉक्टरांनी बोटांना टाचणी लावून बघितली, आणि सातव्या डोसापासून औषध कमी केलं. त्यांनीच मला विचारलं, आधी का नाही बोललात? आता याला काय सांगणार.

याच प्रश्नात ट्रायलच्या वेळी एक दुरुस्ती झाली होती. कच्च्या फॉर्ममध्ये ‘दैनंदिन कामे’ होतं. आजी म्हणाल्या, म्हणजे भांडी-धुणं, ते सून करते, मग मला अडत नाही. मी म्हटलं, शिवण माझं दैनंदिन की नाही? आता तिथे ‘घरातली किंवा पोटापाण्याची कामं’ असं आहे. हा एक शब्द नसता तर मी तो प्रश्न “थोडं” म्हणून पुढे गेले असते.

तक्रारी अजून आहेत. दहा मिनिटं हात लावला नाही तर फॉर्म पुसला जातो आणि पहिल्यापासून भरावा लागतो. उलटीच्या रुग्णाला मधे उठावं लागतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बटणं बारीक. बोटं बधिर झालेल्या माणसाने बारीक बटणं दाबून सांगायचं की बोटं बधिर झालीत! दुसरं म्हणजे, स्मार्टफोन घरात एक असतो आणि तो मुलाकडे असतो. आजींचा फॉर्म त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर जायचा. नातू ओरडून विचारणार, “आजी, जुलाब?” आणि आजी पडवीतून सांगणार, “काय न्हाई, लिही काय न्हाई.” अशा वेळी त्या नाजूक प्रश्नाचं काय होत असेल? नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलचा एक प्रश्न होता. अमेरिकेच्या मूळ प्रश्नावलीत तिथे ‘उत्तर द्यायचं नाही’ अशी सोय आहे, आमच्या कच्च्या फॉर्ममध्ये ती गाळली होती, कोणाला वाटलं असेल एक चौकोन वाचला. ट्रायलला सात-आठ बायकांनी तो प्रश्न कोरा सोडल्यावर ती परत आली. आजींसाठी आता सिस्टर दुपारी साध्या फोनवर फोन करते, नातू शाळेत असताना. हे खरं उत्तम केलं.

शेवटी एक मोकळा चौकोन असतो, आणखी काही त्रास? लोक तो सोडून देतात. सोडू नका. मी एकदा लिहिलं, “नाकातले केसही गेलेत, नाक सारखं गळतं, ब्लाउजवर थेंब पडायची भीती वाटते.” वीस प्रश्नांत नाक कुठेच नाही. मुलगी म्हणाली, काकू, तुमच्यानंतर अजून तिघींना विचारलं तर तिघींचं तेच. पुढच्या आवृत्तीत घेऊ म्हणाली. बघू.

बारावा डोस झाला, घंटा नाही की काही नाही, सिस्टरने सुई काढली आणि पट्टी लावली. त्यानंतरच्या रविवारी आठ वाजले, टिंग झालं नाही. पुढच्याही रविवारी नाही. मी फोन केला. मुलगी म्हणाली, काकू, केमो संपली ना, फॉर्म केमोपुरताच आहे. म्हटलं, हे माझ्या बोटांना कोण सांगणार? ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला, की ज्यांच्या बोटांचं राहिलंय त्यांना महिन्यातून एकदा पाच प्रश्नांचा छोटा फॉर्म पाठवायची परवानगी घेतलीय. सोमवारी पाठवणार.

परवा पहिला आला. बोटांना आठ आणे दिले, कामाला बारा. सिस्टरने अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन केला. रविवार पेठेतून सुईत दोरा ओवायचं यंत्र आणलंय, त्याने ओवणं जमतं. हुक अजून भाचीच लावते.